गाडी उचलली, चाकही उचललं

जुनी जिप्सी दारात आली की पहिल्या महिन्यातच माणूस पाटेवाल्याकडे पोचतो. "मिस्त्री, गाडी उचलायचीय." "किती?" "बसेल तेवढी." पुण्यात हा संवाद होतो, कोल्हापुरात होतो, नाशकात होतो. मिस्त्री एक पाटा वाढवतो, शॅकल लांब करतो, पैसे घेतो. संध्याकाळी गाडीचा फोटो निघतो. गाडी चार बोटं उंच झालेली असते, आणि ओढ्यातल्या पहिल्याच आडव्या दगडावर तिचं मागचं चाक हवेत गरगरत राहतं.

"किती उचलायची" हा प्रश्नच तिथे चुकलेला असतो. चाक किती खाली जाणार आणि किती वर येणार, हे विचारायचं होतं. ते कुणी विचारत नाही, म्हणून हा आठवडा त्या प्रश्नाला.

आधी माझी बाजू सांगतो. आपल्या गाडीचं सस्पेन्शन आपल्याच अंगणात सोडवून पुन्हा बांधणारा माणूस मला मनापासून आवडतो. वर्कशॉपमध्ये बिल भरून किल्ली घेणाऱ्यापेक्षा तो आपल्या गाडीला कितीतरी जास्त ओळखतो. बुश घासला की त्याला आवाजावरून कळतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यासमोर तो हातात नमुना घेऊन उभा राहतो आणि अर्ध्या मिलिमीटरवरून वाद घालतो. असा माणूस हवाच. पण त्याच्या हातात गाडी आहे, गाडीत त्याची पोरं बसतात, समोरून दुसऱ्यांची पोरं येतात. तेव्हा त्याच्याशी गोड बोलून चालणार नाही.

जिप्सीच घेऊ, कारण घरगुती प्रयोगांत तिच्याइतकी गाडी दुसरी कुठली कापली गेली नसेल. 1985 मध्ये ती आली, 1996 मध्ये 1.3 लिटरची 'किंग' झाली, 2019 मध्ये बंद पडली. पुढेमागे सलग एक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. लष्करानं वापरली, पोलिसांनी वापरली, वनखात्यानं वापरली. मागे माणसं आणि सामान भरून न्यायचं तर पाटे ताठच लागतात. तीच गाडी दोन माणसं बसवून रिकामी चालवली की कंबर मोडते. म्हणजे बदल करण्याचं कारण खरं आहे. पण मऊ व्हायला हवी असलेली गाडी आपण पाटेवाल्याकडे नेतो आणि आणखी ताठ करून आणतो.

पाट्याचं गणित शाळकरी आहे. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 6 मिलिमीटरच्या पाट्याजागी 7 मिलिमीटरचा घातला तर जाडी एकच मिलिमीटर वाढली, पण त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ 59 टक्क्यांनी वाढला. मिस्त्रीकडे पडलेला दुसऱ्या गाडीचा "थोडासा जाड" पाटा थोडासा नसतो. तो घातला की गाडी उंच होते, कारण ती खाली बसायला तयारच नसते. आणि जी बसत नाही, तिचं चाक खड्ड्यात उतरायलाही तयार नसतं. मोकळ्या पाट्यापासून गाडीच्या वजनाखाली तो जेवढा दबतो, तेवढंच चाक पुढे खाली लटकू शकतं. दाब कमी, म्हणजे लटकणं कमी.

हे घरच्या घरी मोजता येतं. गाडी जॅकवर घ्या, घोडीवर टेकवा, चाकं लोंबकळू द्या, एक्सलपासून चॅसीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. मग गाडी खाली उतरवून, जरा हलवून, तेच अंतर पुन्हा मोजा. फरक सेंटिमीटरमध्ये लिहा, त्याचं वर्गमूळ काढा, 5 ला त्यानं भागा. गाडी सेकंदाला साधारण किती वेळा वरखाली डोलू पाहते, तो आकडा मिळाला. 16 सेंटिमीटर दाब असेल तर सव्वा. 6 सेंटिमीटर असेल तर दोनाच्या वर. आरामशीर मोटारी एक ते दीडच्या घरात असतात. पाट्यापाट्यांतल्या घर्षणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, तरी दिशा चुकत नाही. टेप पन्नास रुपयांना मिळतो. तो न काढता पंधरा हजारांचे शॉकअप लावणाऱ्याला मला हेच विचारायचं आहे: तुम्ही नेमकं काय दुरुस्त केलंत?

चाक हवेत गेलं की काय होतं तेही सांगतो. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक अधांतरी असेल तर त्याला फिरायला जोर जवळपास लागतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य, मिळतो. फोर व्हील ड्राइव्ह टाकली तरी पुढचं एक आणि मागचं एक, अशी कर्णरेषेतली दोन चाकं उचलली गेली की गाडी जागीच. डोंगरात गाडी अडकते ती बहुतेक वेळा अशी. पोटाखाली आणखी दोन इंच मोकळे असते तर ती सुटली नसती. ते चाक दोन इंच खाली उतरलं असतं तर सुटली असती.

चाक किती खाली-वर जातं हे मोजायला जगभरचे ऑफ-रोडवाले उतार वापरतात. 20 अंशांच्या उतारावर पुढचं एकच चाक चढवायचं, आणि कुठलंही दुसरं चाक जमीन सोडू लागलं की थांबायचं. चाक उतारावर जेवढं चढलं त्या अंतराला व्हीलबेसनं भागून हजारानं गुणायचं. जिप्सीचा व्हीलबेस 2,375 मिलिमीटर; समजा चाक 1,000 मिलिमीटर चढलं, तर 421 गुण. गाडी लिफ्ट करण्याआधी हा आकडा काढा आणि नंतर काढा. नंतरचा कमी आला तर मिस्त्रीकडून पैसे परत मागा. खरंच मागा.

आता शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला लटकवणारी कडी. लांब शॅकल हा सगळ्यांत स्वस्त उपाय, म्हणून सगळ्यांत जास्त केला जाणारा. दोन इंचांनी शॅकल लांबवली की गाडी साधारण एक इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागचं हलत नाही. पण पाटा तिरका होतो आणि त्याच्याबरोबर एक्सलही फिरतो. पुढची शॅकल पुढच्या टोकाला असलेल्या गाड्यांत किंगपिनचं वरचं टोक पुढे झुकतं आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे कललेला कोन, कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं ते कॅस्टरमुळे. तो गेला की ऐंशीच्या वेगात गाडी रस्त्यावर भटकायला लागते आणि मालक व्हील अलाइनमेंटवाल्याशी भांडायला लागतो. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? सलग एक्सलमध्ये कॅस्टर फिरवायला त्याच्याकडे नटच नसतो. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कोन परत आणावा लागतो. ती पाचर लोखंडाची, नीट कोनात मशीन केलेली हवी. अ‍ॅल्युमिनियमची मऊ पाचर चेपून तुटते आणि मग यू-बोल्ट ढिले पडतात.

पहिल्या थारचे बरेच मालक, 2010 नंतरचे, म्हणतील की आमच्याकडे पुढे पाटेच नाहीत, टॉर्शन बार आहे, बोल्ट पिळला की गाडी वर. बरोबर, आणि चाकाची खाली जाण्याची जागा संपली, तीही बरोबर. चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. तुम्ही फक्त उभं राहायची जागा तळाकडे सरकवली. पुढच्या हाफ शाफ्टचे जॉइंट कायम तिरक्या कोनात फिरायला लागले. रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, माती आत जाते, आणि एका पावसाळ्यात जॉइंट संपतो.

पण खरी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवणं. जिप्सीत ते मुळात खाली असतात. वर नेले की एका दिवसात गाडी सुमारे पाच इंच उठते, तेही मूळचेच पाटे ठेवून. म्हणजे उंची मिळते आणि लवचिकपणाही जात नाही. कल्पना उत्तम आहे. म्हणूनच ती अर्धवट केली की जीव तुटतो.

यात एक्सलच्या नळीवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. बैठकीचा कोन चुकला की पिनियनचा कोन चुकला, पिनियनचा चुकला की प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस थरथरायला लागले. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच एका क्रॉसची वेडीवाकडी गती दुसरा खाऊन टाकतो. म्हणून शहाणा माणूस आधी नुसते टाके मारतो, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करतो, कोन मोजतो आणि मगच पक्कं वेल्डिंग करतो. तेही थोडं इथे, थोडं तिथे, नळी गार होऊ देत. एका दमात ओढलेल्या वेल्डिंगनं नळी वाकते आणि पुढे वर्षभर सील गळत राहतात. अर्थिंगची चिमटी वेल्डिंगच्या शेजारीच लावायची, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. आणि खुद्द पाट्याला वेल्डिंगची काडी कधीच लावायची नाही. पाणी दिलेलं स्प्रिंगचं पोलाद आहे ते. वेल्डिंगजवळ ठिसूळ होतं आणि तिथूनच तडकतं.

मग येतं स्टिअरिंग. पाटे वर गेले की स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, म्हणजे जुनी ड्रॅग लिंक, त्यांच्या आड येते. स्वस्तातला उपाय ठरलेला: लिंक तापवून झेडसारखी वाकवायची. मी हे शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत लिहितो: असं करू नका. सरळ दांडा ओढ आणि दाब सहन करतो. वाकडा दांडा वाकतो. चाक दगडात अडकलंय, तुम्ही जोरानं स्टिअरिंग फिरवताय, आणि तो जोर चाक वळवण्याऐवजी दांडा वाकवतोय. आज थोडा, उद्या थोडा. घाटात उतरताना काय होईल ते मला लिहायचं नाही. स्टिअरिंगच्या नकलवरचा आर्म उंच करून, लिंक सरळ ठेवून हे काम करता येतं. महाग पडतं. तेवढे पैसे नसतील तर पाटे खाली राहू द्या.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पाटे वर गेले की चढावर जोर देताना एक्सल स्वतःभोवती पिळवटतो, पाटे नागमोडी वाकतात, आणि पकड सुटली की सगळं फटकन परत येतं. त्या फटक्यात क्रॉस तुटतात. एक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये पिळाला अडवणारा दांडा लागतो, आणि त्याचं चॅसीकडचं टोक शॅकलवर हवं, म्हणजे चाकाच्या मोकळ्या हालचालीत तो आडवा येत नाही.

उंचीची किंमत कागदावर मांडून बघा. दोन चाकांमधलं अंतर 130 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर धरा. निम्मं अंतर भागिले उंची, उत्तर 1. म्हणजे कागदावर गाडी 45 अंश कलेपर्यंत उलटणार नाही. गुरुत्वमध्य 12 सेंटिमीटर वर न्या: उत्तर 0.84, कोन 40 अंशांच्या आसपास. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाड्यांचा उलटण्याचा धोका ठरवताना हेच गुणोत्तर वापरते. आणि ही झाली स्थिर, ताठ गाडी. प्रत्यक्षात स्प्रिंग कलतात, टायर चेपतात, छतावर कॅरिअर असतं, कॅरिअरवर स्टेपनी असते. 5 अंश म्हणजे काय, हे आडव्या उतारावर शेजारी बसलेल्याला विचारा. उपाय आहेत: चाकं थोडी रुंद पसरवणं, जड सामान खाली आणणं, आणि मुळात लागते तेवढीच उंची घेणं.

ब्रेकच्या होजबद्दल मात्र मला राग येतो. बाकी सगळ्याला खर्च आहे, कौशल्य लागतं. इथे काहीच लागत नाही. गाडी उठली, एक्सल खाली गेला, पण चॅसीपासून एक्सलपर्यंतचा रबरी होज तेवढाच राहिला. सपाट रस्त्यावर तो पुरतो. चाक पूर्ण लटकलं की तो ताणला जातो आणि एखाद्या दिवशी सुटतो. लांब होज बसवायला, हवा काढायला एक सकाळ पुरते. तरीही टायर बदललेल्या, बंपर बदललेल्या, दिव्यांची माळ लावलेल्या गाड्यांखाली मी वाकून बघतो तेव्हा तो मूळचा आखूड होज तसाच दिसतो. लोकांना दिव्यांसाठी वेळ मिळतो.

नीट करणारे काय करतात, तेही आपल्याच अंगणांत बघायला मिळतं. ते पाट्यांच्या जुडग्यातला फक्त मुख्य पाटा ठेवतात आणि एका बाजूला जॅक लावून एक्सल पूर्ण वर, दुसऱ्या बाजूला पूर्ण खाली, असा नेऊन बघतात. मग फिरवून उलट. प्रत्येक टोकाला थांबून टॉर्च घेऊन खाली झोपतात. होज ताणला का? प्रॉपेलर शाफ्टचा सरकता भाग बाहेर निघतोय का? टायर मडगार्डला घासतोय का? शॅकल उलटी पलटून अडकतेय का? शॉकअप पूर्ण मिटण्याआधी रबरी स्टॉपर टेकतोय का? तो आधी टेकलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या जोरदार आपटीत शॉकअपचा दांडा त्याच्या बुडाशी भिडतो आणि बैठक उखडते. शॉकअपची लांबी या मापांवरून ठरते. तरी आपल्याकडे आधी शॉकअप ऑनलाइन येतात आणि मग त्यांच्यासाठी गाडी कापली जाते.

ही माणसं वही ठेवतात. कुठला पाटा, किती जाड, किती बाक, कुठला बोल्ट किती टॉर्कला. गोव्यात 2014 पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत चिखलातून निघणाऱ्या गाड्यांकडे बघून सगळे टायर आणि विंच मोजतात. त्या गाड्यांखाली एवढा हिशेब असतो, तो फोटोत येत नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा बघा: पुढेमागे सलग एक्सल, चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग, दोन्ही डिफरन्शियलना लॉक, तेही कारखान्यातूनच. चाक जमिनीवर ठेवायचं, नाहीच राहिलं तर लॉक लावायचं. त्या गाडीखाली एक तास घालवला तर बऱ्याच लिफ्ट किटच्या जाहिरातींपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52: उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं 182-अ कलमात शिक्षा आली: परवानगी नसलेल्या बदलासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वर अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा चाकांकडेच बघणार.

माझा या कायद्याला विरोध नाही. झेडसारखी वाकवलेली लिंक घेऊन कुणी मुंबई-गोवा महामार्गावर येऊ नये, असंच मलाही वाटतं. पण वही ठेवणारा आणि झेड वाकवणारा, दोघांना एकाच रकान्यात बसवणं मला मान्य नाही. गॅसची किट बसवायची वाट याच कायद्यात आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची वाटही आहे. म्हणजे बदल तपासून नोंदवता येतो, हे सरकारला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात ठरावीक इंचांपर्यंत गाडी उचलायला मोकळीक आहे आणि त्यापुढे नेमलेल्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत तपासणी करून बदल गाडीच्या कागदांवर चढतो. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था आहे, गावोगावी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. दोन इंचांपर्यंतची वाढ, सरळ स्टिअरिंग, लांब होज, मोजलेला कॅस्टर, उताराची चाचणी आणि एका जबाबदार माणसाची सही, एवढी वाट काढली तर चोरून काम करणारे निम्मे लोक रांगेत उभे राहतील. आज ती वाट नाही, म्हणून सगळं काम अंधारात होतं, आणि अंधारात कुणी कुणाचं वेल्डिंग तपासत नाही.

वाट निघेपर्यंत गाडी उचलणारे थांबणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून ज्यांनी या आठवड्यात पाटे सोडवले असतील त्यांच्यासाठी: जुने यू-बोल्ट परत लावू नका, एकदा ताणलेले ते पुन्हा तशी पकड घेत नाहीत. नवे आणा. गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर असताना चारही नट आळीपाळीनं, टॉर्क रेंचनंच आवळा. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा आवळा. आणि पहिले ते शंभर किलोमीटर घाटात काढू नका.